चिऱ्यांच्या आतली आनी

एक हजार एक चर्चचे शहर असा आनीचा लौकिक. उत्खननात आणि मोजणीत हाती लागली ती चाळीसच्या आसपास, पण तेवढ्यांवरही मध्ययुगीन आर्मेनियाच्या गवंड्यांची करामत पुरेशी कळते. किंबहुना ती कळते इमारती फुटल्या आहेत म्हणूनच.

आज ही जागा तुर्कस्तानच्या कार्स प्रांतात आहे. आर्मेनियाच्या बग्रातुनी राजघराण्यातल्या तिसऱ्या अशोतने ९६१ मध्ये राजधानी कार्सहून इथे हलवली. पूर्वेला अखुरियन नदीची खोल घळ, पश्चिमेला दुसरे खोरे आणि मध्ये दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले त्रिकोणी पठार. उघडी राहिली ती उत्तर बाजू. शहर वाढले तसा दुसऱ्या स्म्बातने तिथे बुरुजांसह दुहेरी तट घातला.

या तटाची पडझड नीट पाहावी. वरून भिंत घडीव चिऱ्यांची, सांध्यात पाते शिरणार नाही इतकी चोख. चिरे टफचे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, घडवायला मऊ दगडाचे; तांबूस, काळे, पिवळसर. पण हे चिरे म्हणजे नुसती साल. दोन सालींच्या मध्ये चुन्यात कालवलेल्या दगडगोट्यांचा भराव असतो. तो कडक झाला की त्याचेच काँक्रीट होते आणि खरा भार तेच पेलते. म्हणून चिरे उपसून नेले तरी आतला ओबडधोबड गाभा उभा राहतो. १०३५ च्या सुमारास बांधलेल्या सुर्ब प्रकिच चर्चचा पूर्वेकडचा अर्धा भाग १९५७ मध्ये कोसळला, उरलेला अर्ध्या घुमटासकट उभा राहिला. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला वहीत काढावा लागणारा उभा छेद तिथे प्रत्यक्ष समोर आहे.

या तंत्रावर सर्वांत पक्की हुकमत होती त्रदात या वास्तुकाराची. मुख्य कॅथेड्रल त्याने ९८९ मध्ये हाती घेतले. त्याच वर्षी भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या घुमटाचा काही भाग पडला आणि दुरुस्तीचे काम त्रदातकडे आले. समकालीन इतिहासकार स्तेपानोस लिहितो, की त्याने आधी आराखडा आणि नमुना करून दाखवला. खुद्द बायझंटाइन राजधानीतले सर्वांत मानाचे काम एका आर्मेनियनाकडे जावे, यातच त्याच्या कसबाची पावती आहे. आनीचे कॅथेड्रल राणी कात्रानिदेच्या आश्रयाने १००१ मध्ये पुरे झाले.

आत बारीक खांबांचे जुडगे एकत्र बांधल्यासारखे खांब आणि त्यांवर टोकदार कमानी. त्या पाहून योसेफ स्ट्रझिगोव्स्कीसारख्या अभ्यासकांना युरोपच्या गॉथिक शैलीचा उगम इथे दिसला. मला हे पटत नाही. गॉथिक चर्च आपला भार कमानींच्या फासळ्यांवरून बाहेरच्या टेकूंकडे वळवते. इथे भार झेलतो तो जाड भिंतींचा एकसंध पिंड. दिसायला भावंडे असली तरी हाडे वेगळी. १३१९ च्या भूकंपात घुमट गेला, १९८८ च्या भूकंपात वायव्य कोपरा; बाकी इमारत टिकून आहे.

गागिक राजाने १००१ मध्ये सुरू केलेले गोलाकार चर्च मात्र टिकले नाही. सातव्या शतकातल्या ज्वार्तनोत्स चर्चची ती प्रतिकृती होती, आणि ती लवकरच ढासळली. १९०५-०६ मध्ये पुरातत्त्वज्ञ निकोलाय मार यांनी तिचे अवशेष खणले, तेव्हा हातात चर्चची प्रतिकृती धरलेला गागिकचा सव्वादोन मीटर उंचीचा पुतळा मिळाला. ज्वार्तनोत्स तीन टप्प्यांचे असावे, हा वास्तुकार तोरोस तोरामान्यान यांचा तर्क अनेकांना तोवर हास्यास्पद वाटत होता. राजाच्या हातातल्या चर्चने त्याला आधार दिला.

१०४५ मध्ये बायझंटाइन, १०६४ मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्स्लान, मग शद्दादी अमीर, ११९९ मध्ये जॉर्जियाच्या तामार राणीचे झकार्यान सरदार: धनी बदलत गेले, व्यापार चालू राहिला. त्याचा हिशेब भिंतींवरच आहे. व्यापारी तिग्रान होनेन्त्सने १२१५ मध्ये बांधलेल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर दान दिलेल्या मालमत्तेची लांबलचक यादी कोरली आहे. आतल्या चित्रांवरची अक्षरे जॉर्जियन. मनुचेहर मशिदीवर इल्खानी सुलतान अबू सईदचा फारसी हुकूम होता, बेकायदा कर वसूल करू नयेत असा. लष्करी विजयांपेक्षा या दोन भिंती शहर अधिक ओळखीचे करतात.

मार यांची उत्खनने १८९२-९३ मध्ये आणि पुढे १९०४ ते १९१७ अशी चालली. वस्तूंचे संग्रहालय त्यांनी मनुचेहर मशिदीतच थाटले होते. १९१८ मध्ये तुर्की सैन्य जवळ येताच हलवता येतील त्या वस्तू हलवल्या. त्या आता येरेवानमध्ये आहेत. गागिकचा पुतळा युद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला, छायाचित्रे उरली. शिलालेखांचा मार यांचे सहकारी ओर्बेली यांनी जमवलेला संग्रह त्यांच्या निधनानंतर, १९६६ मध्ये छापला गेला. २०१६ मध्ये आनीचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले, तुर्कस्तानच्या खात्यावर. भिंती नदीच्या अलीकडे आणि त्यांतून निघालेल्या वस्तू पलीकडे, अशी ही वाटणी. दोन्ही पाहायच्या तर १९९३ मध्ये तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा बंद झाल्यापासून अभ्यासकांना जॉर्जियातून वळसा घालावा लागत आला आहे.