जुन्या गाडीची सवय नव्या इंजेक्टरला चालत नाही. गळीत हंगामाआधी डिझेल फिल्टर तपासा

गळीत हंगाम तोंडावर आला की वाहनमालकांची धावपळ सुरू होते. टायर, पाटे, ब्रेक, ट्रॉलीचे हूक, गाडीचे कागद, मुकादमाची उचल. या यादीत डिझेल फिल्टर बहुतेक वेळा शेवटी असतो, नाहीतर नसतोच. पण हंगाम सुरू झाल्यावर गाडी लोड घेत नाही, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, काळा धूर टाकते, मिसिंग मारते, अशा तक्रारी येतात, त्यांचं मूळ बऱ्याचदा इथंच सापडतं.

ऐन हंगामात गाडी तीन दिवस उभी राहिली तर नुकसान फक्त गॅरेजच्या बिलाचं नसतं. टोळी फडात बसून राहते. तोडलेला ऊस वाळून वजन घटतं. कारखान्याच्या खेपा बुडतात. फायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून डिझेल स्वच्छ ठेवणं हे ड्रायव्हरवर सोडून द्यायचं काम नाही, मालकानंही ते समजून घेतलं पाहिजे.

नव्या गाडीत नेमकं काय बदललं?

जुन्या ट्रकला आणि ट्रॅक्टरला साधा डिझेल पंप आणि साधे नोझल असायचे. ते नोझल साधारण 200 ते 250 बार दाबाला उघडायचे. थोडी घाण गेली तरी गाडी कुरकुरत चालायची. मिस्त्री नोझल काढून साफ करायचा, दाब सेट करायचा, गाडी पुन्हा रस्त्यावर.

नंतर कॉमन रेल पद्धत आली. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं आणि आता नव्या ट्रकमध्ये हीच पद्धत दिसते. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला 1 जानेवारी 2023 पासून नवे धुराचे नियम लागू झाले, त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरमध्येही कॉमन रेल आलं. यात डिझेलचा दाब 1600 बार आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त असतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा साधारण 8 बार असते. म्हणजे टायरच्या 200 पट दाब झाला.

एवढा दाब धरून ठेवायचा तर इंजेक्टरच्या आतले भाग एकमेकांत अगदी घट्ट बसलेले पाहिजेत. त्यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. 1 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. साधारण 40 मायक्रॉनच्या खालचा कण आपल्या डोळ्याला दिसत नाही. इंजेक्टर खराब करणारा कण तर त्याच्याही कितीतरी लहान असतो.

त्यामुळे "डिझेल बघितलं, चांगलं स्वच्छ होतं" या म्हणण्याला अर्थ राहत नाही. न दिसणारी बारीक धूळ 1600 बारच्या दाबानं जाते तेव्हा ती वाळूच्या फवाऱ्यासारखं काम करते. इंजेक्टरची बैठक घासली जाते, डिझेल मागं रिटर्नला जास्त जायला लागतं, रेलमध्ये दाब तयार होत नाही, आणि गाडी चालू व्हायला त्रास देते. एका नव्या कॉमन रेल इंजेक्टरला सहज पाच आकडी रक्कम लागते, आणि सहा सिलिंडरच्या गाडीला असे सहा असतात. फिल्टर मात्र शेकड्यांत नाहीतर फार तर दोन-तीन हजारांत येतो.

पाणी हा धुळीइतकाच मोठा शत्रू

पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं ऑइल नसतं. डिझेलचा जो तेलकटपणा आहे त्यावरच ते चालतात. पाण्यात तो तेलकटपणा नाही. पाणी गेलं की भाग कोरडे घासतात, गंज धरतो, आणि इंजेक्टरच्या तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होऊन टोकाचं नुकसान होतं.

हे पाणी येतं कुठून? दरवेळी पंपावाल्यानंच घातलेलं असतं असं नाही. इंजिनकडून गरम डिझेल रिटर्न पाईपनं टाकीत येतं. रात्री टाकी थंड होते आणि हवेच्या भोकातून बाहेरची ओलसर हवा आत घेते. टाकी अर्धी रिकामी असेल तर थंडीत आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि थेंब खाली उतरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं. रोज थोडं थोडं करत साठतं.

आपला हंगाम नेमका थंडीतला. म्हणून रात्री गाडी लावताना टाकी शक्यतो भरून ठेवावी. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात तिथं बुरशी-जिवाणूही वाढतात. फिल्टरमध्ये काळपट, बुळबुळीत साका निघाला तर तो त्याचाच असतो. तसं झालं तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

शेतावरचा कॅन आणि बॅरल

खेड्यात सगळ्यात जास्त घाण इथं शिरते. ट्रॅक्टर नाहीतर हार्वेस्टर दरवेळी पंपावर नेणं परवडत नाही, म्हणून डिझेल कॅननं येतं. कॅन पूर्वी ऑइलचा, नाहीतर फवारणीच्या औषधाचा. नरसाळं शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. वरून फडक्यातून गाळलं की झालं, असा समज.

फडकं काडी-कचरा अडवतं. बारीक धूळ त्यातून आरामात जाते, उलट फडक्याचेच धागे टाकीत जातात. म्हणून:

- डिझेलसाठी वेगळा, झाकणाचा कॅन ठेवा. त्यात दुसरं काही भरू नका. औषधाचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नका.
- जस्ताचा मुलामा दिलेला डबा किंवा तांब्या-पितळेचं भांडं डिझेल साठवायला नको. जस्त आणि तांबं डिझेल खराब करतात.
- बॅरल उघड्यावर उभा ठेवला तर पावसाचं पाणी त्याच्या माथ्यावर साचतं. रात्री बॅरल थंड झाला की बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. बॅरल सावलीत, छपराखाली ठेवा.
- बॅरल आणल्यावर निदान एक रात्र न हलवता ठेवा. घाण आणि पाणी खाली बसू द्या. डिझेल काढताना पाईप तळाला टेकवू नका. तळाचं दोन-तीन इंच डिझेल इंजिनात घालू नका.
- टाकीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसून घ्या. झाकणाचं रबर फाटलं असेल तर आजच बदला. फडातल्या वाटेची फुफाटा धूळ तिथूनच आत जाते.

पंपावर काय बघायचं?

पेट्रोल पंपावर टँकर खाली होत असताना नाहीतर नुकताच खाली झाल्यावर डिझेल भरू नये. जमिनीतल्या टाकीच्या तळाची घाण त्या वेळी वर आलेली असते. अतिवृष्टी किंवा पूर होऊन गेल्यावर आठवडाभर जास्त जागरूक राहा.

शंका आली तर ग्राहकाला घनता, म्हणजे डेन्सिटी, तपासून मागता येते. पंपावर हायड्रोमीटर आणि थर्मामीटर ठेवलेले असतात. 15 अंश तापमानाला काढलेली घनता आणि पंपाच्या नोंदीतली घनता यात 3 पेक्षा जास्त फरक आला तर प्रश्न विचारा. बिल घ्या आणि जपून ठेवा. भेसळीची तक्रार तेल कंपनीकडे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत करता येते. बिल नसेल तर ती पुढं सरकत नाही.

घरी करायची सोपी परीक्षा म्हणजे पारदर्शक काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन तासभर ठेवा. चांगलं डिझेल आरपार स्वच्छ दिसतं. धुरकट दिसलं नाहीतर तळाला थेंब जमले तर पाणी आहे असं समजा. न दिसणारी धूळ मात्र यातून कळत नाही, त्याला फिल्टरच लागतो.

बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त 10 भाग असतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक तेलकटपणा कमी होतो, तो कंपन्या वेगळं द्रव्य घालून भरून काढतात. अशा डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की तो तेलकटपणा पुन्हा घटतो. जुनी गाडी रॉकेलवर निभावली असेल, नव्या पंपाचा त्यात जीव जातो. आणि निळ्या झाकणाच्या टाकीतलं युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ओढून न्या, टाकी रिकामी करून साफ करा, मगच चालू करा.

दोन फिल्टर कशासाठी?

टाकीतून येणारं डिझेल आधी पहिल्या फिल्टरमधून जातं. तो साधारण 10 ते 30 मायक्रॉनचा असतो. त्याच्याखाली पाणी साठायचा बाऊल आणि निचऱ्याचा कॉक असतो. पुढं दुसरा फिल्टर 2 ते 5 मायक्रॉनचा. मोठी घाण आणि पाणी पहिल्यानं धरायचं, बारीक धूळ दुसऱ्यानं. पहिला तुंबला की पंपाला डिझेल कमी पडतं. दुसरा नकली असेल तर इंजेक्टर उघडा पडला असं समजा. नकली फिल्टर बाहेरून तसाच दिसतो, पण आतला कागद हलका, घड्या कमी. अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्या.

काही जण जास्तीचा फिल्टर बसवतात. चांगली गोष्ट आहे, पण तो निव्वळ डिझेलच्या खपावर निवडू नका. पंप टाकीतून जितकं डिझेल ओढतो त्यातलं बरंचसं रिटर्नला परत जातं. त्या पूर्ण प्रवाहाला पुरेल असाच वॉटर सेपरेटर लागतो. ओढीच्या पाईपवर फार बारीक फिल्टर लावला तर इंजिन उपाशी राहतं आणि जोडातून हवा घेतं. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

फिल्टर बदलताना हे पाळा

1. आधी फिल्टरच्या आजूबाजूची जागा धुऊन, पुसून कोरडी करा. चावी बंद, इंजिन थंड.
2. नवा फिल्टर पाकिटातून शेवटच्या क्षणाला काढा. रबराच्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा.
3. कॅनमधलं डिझेल ओतून नवा फिल्टर भरू नका. ते न गाळलेलं डिझेल सरळ इंजेक्टरकडे जातं. हातपंप कडक होईपर्यंत मारून फिल्टर भरा.
4. जुना फिल्टर धुऊन किंवा हवा मारून परत लावू नका. कागद फाटतो आणि अडकलेली घाण पुढं जाते.
5. नव्या फिल्टरवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर किंवा तास लिहा. बदलायची मुदत गाडीच्या पुस्तकाप्रमाणे धरा, फडातल्या धुळीच्या कामाला त्याआधी.
6. जुन्या फिल्टरमधलं डिझेल बाटलीत ओतून बघा. पाणी, गंज किंवा साका असेल तर टाकी बघायला हवी. धातूची चमक दिसली तर पंप झिजतोय, गाडी पुढं रेटू नका.

जीवाशी खेळ नको

जुन्या गाडीनं एअर पकडली की इंजिन फिरवत नोझलची पाईप ढिली करायची, हे आपल्याकडं प्रत्येक ड्रायव्हरला येतं. कॉमन रेलच्या गाडीत असं कधीही करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, आत मात्र डिझेल पसरत जातं आणि बोट, हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पाईपवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

रोजची पाच मिनिटं

सकाळी गाडी चालू करायच्या आधी पहिल्या फिल्टरखालचा कॉक ढिला करून थोडं डिझेल बाटलीत घ्या. पाणी रात्रभर खाली बसलेलं असतं, म्हणून सकाळचीच वेळ बरोबर. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, कॉक घट्ट करा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर खेप पुरी करायची वाट बघू नका, बाजूला घेऊन पाणी काढा.

त्याच वेळी इंजिन ऑइलची पट्टी बघा. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता मोठी. तशीच गाडी चालवली तर पिस्टन आणि बेअरिंगवर येतं.

चार महिन्यांचा, 120 दिवसांचा हंगाम धरला तर रोज पाच मिनिटांप्रमाणे सगळे मिळून 10 तास होतात. इंजेक्टरसाठी गाडी तीन दिवस गॅरेजला लागली तर 72 तास जातात, आणि तेवढा वेळ टोळी फडात थांबते. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालाल, त्याच दिवशी दोन्ही फिल्टर बदला, टाकीच्या तळाचं पाणी काढा आणि ड्रायव्हरला सकाळचा कॉक दाखवून ठेवा.