मिरगाच्या आधी

वैशाख सरत आला. नांगरट झाली. आता रोहिणी निघेल आणि ७ जूनच्या सुमारास मिरग लागेल. शेतकरी मिरगाची वाट बघतो. बी-बियाणे, खत, औत-अवजार सगळे तयार ठेवतो. पण शेताची जेवढी तयारी आपण करतो, तेवढी घराची आणि गावाची करतो का?

आधी घराचे बघू. फुटकी कौले बदला. सरकलेली कौले नीट बसवा. पत्र्याचे घर असेल, तर हूक आणि नटबोल्ट तपासा. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. जोराचा वारा सुटला, की पत्रा उडतो आणि दगड कुणाच्या तरी डोक्यात पडतो. धाब्याचे घर असेल, तर वरची माती चोपून घ्या. पाणी वाहून जायला उतार आहे ना, ते बघा. वळचणीचे पाणी भिंतीच्या पायात मुरू देऊ नका. पाया भिजला, की मातीची भिंत झडीच्या पावसात खाली बसते.

ही झाली ज्याची त्याने करायची कामे. पण ओढा काही कुणा एकाचा नाही. तुम्ही आपल्या दारापुढचे गटार काढलेत, आणि रस्त्याखालची मोरी गाळाने बुजलेलीच राहिली, तर पाणी फिरून तुमच्याच घरात येणार. म्हणून मोरी, ओढा, गटार ही कामे सगळ्या आळीने मिळून करावी. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय काढावा. सभा होऊन गेली असेल, तर सरपंचांकडे जाऊन बोलावे. गाव करी ते राव न करी, ही म्हण उगीच पडलेली नाही.

आता नदीचे बघू. सांगलीकडची माणसे म्हणतात, "आमच्याकडे पाऊसच कमी. मग पूर कुठून येतो?" तो वरून येतो. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. तिथे वर्षाला सांगलीच्या नऊ-दहा पट पाऊस पडतो. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरण भरत आले, की दरवाजे उघडून पाणी सोडावे लागते. ते पाणी कराडला कृष्णेत येते आणि खाली सांगलीकडे निघते. सांगलीजवळ हरिपूरला वारणाही कृष्णेला मिळते. वारणेलाही पूर असला, की कृष्णेचे पाणी लवकर पुढे सरत नाही. ते मागे तुंबते. म्हणून तुमच्या अंगणात ऊन पडलेले असले, तरी पूर येऊ शकतो.

पण वरचे पाणी खाली पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्या हातात असतो.

तो वेळ आपण कसा घालवतो, ते २०१९ साली दिसले. २००५ साली मोठा पूर आला होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी जवळपास ५४ फुटांवर गेले होते. पुष्कळांच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण होती. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागले, तेव्हा लोक म्हणाले, "पाच सालच्या खुणेच्या वर काही जात नाही." कुणी म्हणाले, "जनावरं टाकून कसं जायचं?" आणि ते घरातच थांबले. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. जुनी खूण बुडाली. माणसे माडीवर आणि छपरावर अडकली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बाहेर पडायची घाई झाली. नावेत माणसे जास्त झाली. नाव उलटली आणि कित्येक जण बुडाले.

जुनी खूण एवढेच सांगते, की पाणी इथवर आले होते. याच्या वर येणार नाही, असे ती सांगत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आहे, आणि ४५ फूट ही धोक्याची. आपल्या गावात पाणी कधी शिरते, ते आजच म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुलावर किती फूट झाले म्हणजे आपण निघायचे, तो आकडा ठरवा. देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहा.

मग आळीची एक यादी करा. म्हातारे कोण, आजारी कोण, गरोदर बाई कोण, तान्हे मूल कुणाचे, ते लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला नेणाऱ्याचे नाव लिहा. जनावरे कुठे हलवायची आणि वैरण कुठे ठेवायची, तेही लिहा. माणसांच्या आधी जनावरे हलवा, म्हणजे त्यांच्यापायी कुणी मागे राहणार नाही. अगदीच जमले नाही, तर दावे सोडून द्या. बांधलेले जनावर जागीच मरते. सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. निघताना विजेचा मेन स्विच बंद करा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन १०७७ आहे. तो दाराच्या मागे लिहून ठेवा.

डोंगरातल्या वाड्यांना पुराचे भय कमी, पण दरडीचे भय मोठे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरड कोसळली. घरेच्या घरे गाडली गेली. जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आले, तर रात्र तिथे काढू नका. कुठे जायचे ते उन्हाळ्यातच ठरवा.

पूर्वी दवंडी ऐकायची आणि दुसरा सांगेल तसे करायचे, एवढेच हाती होते. आता तुम्हांला वाचता येते. भिंतीवरचा आकडा तुम्ही वाचू शकता. आळीची यादी तुम्ही लिहू शकता. मग आज संध्याकाळी पाटी-पेन्सिल घ्या आणि शेजारच्या म्हातारीपासून सुरुवात करा. तिचे नाव लिहा. पुढे तिला नेणाऱ्याचे नाव लिहा. ते तुमचे असले, तर फारच चांगले.