जास्त हवा, जास्त शक्ती – पण किती?

अमेरिका, जपान आणि युरोपात स्पोर्ट्स कारची हौस असणारे पुष्कळ लोक आहेत. कारखान्यातून आलेली गाडी तशीच वापरणे यांतल्या अनेकांना रुचत नाही. त्यांच्यासाठी वेगवेगळे सुटे भाग बनवणारा एक मोठा उद्योगच उभा राहिला आहे. या भागांपैकी फार खपणारा एक म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी आणि तिच्या तोंडाशी बसवायचे शंकूच्या आकाराचे उघडे फिल्टर. याला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. मूळचा प्लॅस्टिकचा खोका काढून हा संच बसवला की गाडीची शक्ती दहा-पंधरा अश्वशक्तीने वाढते, असे जाहिराती सांगतात. आपल्याकडेही मोटरसायकलींसाठी अशी उघडी फिल्टर मिळतात आणि आठवी-नववीच्या मुलांना त्यांची माहिती शिक्षकांपेक्षा जास्त असते!

हा दावा खरा आहे का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय उत्तर द्यावे? ‘जाहिरातीच त्या, खोट्याच असणार’ हे उत्तर सोपे आहे, पण ते बरोबर नाही. दाव्यामागचे तत्त्व खरे आहे. प्रश्न आहे तो ‘किती’चा. आणि हा ‘किती’ शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे, एक पैसाही खर्च न करता, बराचसा काढता येतो. तो कसा, ते आपण पाहू.

इंजिनाचा श्वास

पेट्रोल जाळायला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे, पंप थोडा मोठा बसवला की झाले. हवा जास्त भरणे मात्र अवघड, कारण ती आत ढकलायला साध्या इंजिनात बाहेरच्या वातावरणाच्या दाबाखेरीज दुसरे काही नसते. दट्ट्या खाली जातो, सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. म्हणून इंजिनाची शक्ती शेवटी त्यात किती ग्रॅम हवा शिरली यावर ठरते.

एक उदाहरण घेऊ. टोयोटाने २०१२ मध्ये ‘८६’ नावाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. इंजिन १,९९८ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ २ लिटरचे. मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या गतीला ते २०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १४७ किलोवॉट शक्ती देते. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे मिनिटाला ३,५०० वेळा २ लिटर, एकूण ७,००० लिटर हवा. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ७ लिटर हवा घेतो. हे एक इंजिन एक हजार माणसांइतका श्वास घेते!

३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम असते. त्यावरून सेकंदाला सुमारे १३५ ग्रॅम हवा आत जाते. तिच्या जोडीला पूर्ण जोरात सुमारे १० ग्रॅम पेट्रोल लागते. त्यातून साडेचारशे किलोवॉटच्या आसपास उष्णता निघते आणि तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांकडे निघतो. आपले गणित कारखान्याच्या आकड्याशी जुळले, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

वाटेत अडथळा किती?

हवा आत येताना वाटेत तोंडाची नळी, फिल्टर, थ्रॉटलची झडप आणि सिलिंडरच्या झडपा लागतात. प्रत्येक ठिकाणी थोडा दाब खर्च होतो. नवा संच यांपैकी पहिले दोनच अडथळे कमी करतो. त्यापुढचा मार्ग तसाच राहतो. म्हणजे फायदा जास्तीत जास्त किती होईल? मूळच्या नळी-फिल्टरमध्ये जेवढा दाब वाया जात होता, तेवढाच. नवी नळी अगदी आदर्श मानली, तिच्यात काहीच दाब वाया जात नाही असे समजले, तरी त्यापेक्षा जास्त काही हाती लागणार नाही.

हा दाब मोजायला फार मोठे उपकरण लागत नाही. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे पाण्याच्या सुमारे १० मीटर उंच स्तंभाइतका. तेव्हा पाण्याचा १० सेंटिमीटर स्तंभ म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक टक्का. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरले, तिचे एक टोक फिल्टरच्या पुढच्या नळीला जोडले आणि दुसरे मोकळे ठेवले, की पूर्ण जोरात पाण्याच्या पातळीत पडणारा फरक थेट ‘टक्क्यांत’ वाचता येतो.

चांगल्या बांधणीच्या आधुनिक गाडीत, स्वच्छ फिल्टर असताना, हा फरक साधारण १० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा असतो. म्हणजे एक ते तीन टक्के. २०० अश्वशक्तीच्या गाडीत ही कमाल मर्यादा दोन ते सहा अश्वशक्ती झाली. प्रत्यक्षात नव्या फिल्टरलाही काही अडथळा असतोच, तेव्हा हाती याहून कमी येणार.

हा दोन टक्क्यांचा फरक केवढा, तेही पाहू. ही गाडी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला सुमारे ७.६ सेकंद घेते. शक्ती दोन टक्क्यांनी वाढली तर सुमारे ०.१५ सेकंद वाचेल. गाडीचे वस्तुमान सुमारे १,२५० किलो आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे २५ किलो. शेजारी बसलेल्या ६० किलोच्या मित्राला खाली उतरवले तर याच्या दुपटीहून जास्त फायदा होतो, तोही फुकट. दुसरी तुलना घ्यायची तर पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरला, सुमारे १,६०० मीटर उंचीवर, तो सतरा टक्क्यांहून अधिक कमी असतो. घाट उतरताना मिळणारी हवा फिल्टर बदलून मिळणाऱ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

थंड हवा आणि वाऱ्याचा झोत

या संचाच्या नावातच ‘थंड हवा’ आहे. थंड हवा दाट असते, हे खरे. पण बहुतेक आधुनिक गाड्यांत मूळच्या नळीचे तोंड पुढच्या जाळीजवळ किंवा चाकाच्या पंख्याआड, म्हणजे बाहेरच्या हवेतच असते. उलट काही स्वस्त संचांत उघडे फिल्टर थेट इंजिनशेजारी, बॉनेटखाली बसते. गाडी सावकाश चालत असताना तिथली हवा ६० अंशांपर्यंत तापू शकते. ३० अंशांच्या हवेच्या तुलनेत तिची घनता नऊ टक्क्यांनी कमी असते. आत शिरताना हवा गरम झडपांना लागून तशीही तापते, म्हणून शक्तीतली घट घनतेइतकी नसते. मोजमापाच्या मानक सूत्रांत ती निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे धरतात. त्या हिशोबाने घट सुमारे साडेचार टक्के येते. म्हणजे अडथळा काढून दोन टक्के मिळवायचे आणि गरम हवा घेऊन साडेचार टक्के घालवायचे!

काही संचांत तोंड पुढे ठेवून वाऱ्याच्या झोताचा दाब पकडल्याचे सांगतात. हा दाब हवेच्या घनतेला वेगाच्या वर्गाने गुणून त्याच्या निम्मा असतो. ताशी १०० किलोमीटरला तो सुमारे ४६० पास्कल, म्हणजे अर्धा टक्काही नाही. ताशी २०० किलोमीटरला तो पावणेदोन टक्क्यांच्या थोडा पुढे जातो. शर्यतीच्या मैदानावर याला अर्थ आहे, शहरातल्या सिग्नलवर नाही.

मग कागदावर वाढ दिसते ती कशी?

संच विकणारे अनेकदा चाचणीचा आलेखही दाखवतात. गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. आलेख खोटा असतोच असे नाही. पण तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, मोजमापातली चढउतार. तीच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ मोजली तरी एक-दोन टक्के फरक पडतो. बॉनेट उघडे की बंद, समोर पंखा आहे की नाही, इंजिन किती तापले आहे, यावर तो अवलंबून असतो. शोधायची वाढ आणि मोजमापातली अनिश्चितता सारख्याच आकाराची असेल, तर एका मोजणीवरून काहीच सिद्ध होत नाही. मूळ खोका, नवा संच, पुन्हा मूळ खोका, अशा क्रमाने अनेकदा मोजले पाहिजे.

दुसरी, हवामानाची दुरुस्ती. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले आकडे एका ठरावीक तापमान-दाबाला आणून लिहितात. अमेरिकेत यासाठी एक जुने आणि एक नवे अशी दोन मानके वापरात आहेत. जुन्यानुसार येणारा आकडा नव्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा असतो. ‘आधी’ एका मानकाने आणि ‘नंतर’ दुसऱ्याने लिहिले, की काही न बसवताच आठ अश्वशक्ती वाढते!

तिसरी गोष्ट सर्वांत मजेदार. अनेक आधुनिक गाड्यांत हवा मोजायला नळीत एक तापलेली तार असते. तिच्यावरून जाणाऱ्या हवेने ती किती थंड होते त्यावरून संगणक हवेचे प्रमाण काढतो, आणि त्यासाठी नळीची रुंदी ठरलेली असल्याचे गृहीत धरतो. नव्या नळीचा व्यास तीन टक्क्यांनी जास्त असेल, तर क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हवेचा वेग सहा टक्क्यांनी कमी होतो. संगणकाला वाटते, हवा कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो. पूर्ण जोरात इंजिन फार तापू नये म्हणून कारखान्याने पेट्रोल मुद्दाम थोडे जास्त ठेवलेले असते. ते कमी झाले की शक्ती थोडी वाढतेही. पण ही वाढ जास्त हवेमुळे नसते, तर इंजिनाच्या सुरक्षिततेसाठी राखलेला वाटा खर्च करून मिळालेली असते.

कानाची साक्ष

असा संच बसवणारे बरेच जण मात्र मनापासून सांगतात, की गाडी जोरदार झाली आहे. मूळच्या खोक्यात आवाज शोषणाऱ्या पोकळ्या असतात. खोका गेला की इंजिनाच्या श्वासाचा गुरगुराट मोकळा होतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखे वाटते. हे कारखान्यांनाही ठाऊक आहे. वर सांगितलेल्या ‘टोयोटा ८६’ मध्ये हवेच्या मार्गातला हा आवाज चालकाच्या कानापर्यंत आणणारी एक खास नळी बसवलेली होती. शक्ती तेवढीच, अनुभव वेगळा! आवाजासाठी कोणी पैसे खर्च केले तर तो त्याच्या हौसेचा भाग आहे. मात्र ते शक्तीसाठी खर्च केले असे समजू नये.

दावा खरा ठरतो तेव्हा

मूळचा अडथळाच मोठा असेल तर फायदाही मोठा होतो. माझदाच्या १९८९ सालच्या पहिल्या १.६ लिटर ‘एमएक्स-५’ मध्ये हवा मोजण्यासाठी नळीत एक झडप होती, ती हवेच्या जोराने उघडे. तो अडथळा दूर करण्यात अर्थ होता, पण त्यासाठी इंजिनाचा संगणकही बदलावा लागे. टर्बो बसवलेल्या इंजिनात आत येणारा दाब बराच वाढवला जातो, त्यामुळे सुरुवातीला वाया गेलेला थोडा दाबही पुढे मोठा होऊन भोवतो. आणि इंजिनाच्या झडपा, संगणक असे बाकीचे भाग बदलून हवेची गरजच वाढवली असेल, तर मूळची नळी खरोखर अपुरी पडू शकते.

रोजच्या वापरात काय घडते, याचे उत्तर अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मिळते. तिथे मुद्दाम तुंबवलेली फिल्टर बसवून गाड्या तपासल्या. वेग घेण्याची क्षमता कमी झाली, पण इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांच्या पेट्रोल खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. कारण सोपे आहे. शहरात चालवताना चालक स्वतःच थ्रॉटलने हवा अडवून धरत असतो. फिल्टरने थोडी जास्त अडवली तर झडप थोडी जास्त उघडते, एवढेच.

फिल्टरचे खरे काम

या सगळ्यात फिल्टर कशासाठी आहे हेच विसरले जाते. मिनिटाला हजारो लिटर हवेबरोबर धूळही येते. धुळीतले गारगोटीचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात आणि ते सिलिंडरच्या भिंती घासून काढतात. फिल्टरच्या जाळीची छिद्रे मोठी केली तर हवा सहज जाते, पण धूळही जाते. कण अडवणे, हवा जाऊ देणे आणि बराच काळ न तुंबणे या तीन गुणांपैकी एक वाढवला की दुसऱ्यात काही सोडावे लागते. कागदाचा पुष्कळ घड्यांचा मूळ फिल्टर ही तडजोड फार चांगली साधतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत एखाद-दोन टक्के शक्तीसाठी ही राखण सैल करणे महागात पडेल.

वर्गात करून पाहण्यासाठी

अर्ध्या इंची पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा घ्या. मध्ये भोक पाडून त्यात सलाइनच्या नळीचे टोक घट्ट बसवा. सलाइनची नळी यू आकारात फळीवर बांधून तिच्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि मागे सेंटिमीटरची पट्टी लावा. पाणी वर खेचले जाऊ नये म्हणून यू चे दोन्ही हात निदान अर्धा मीटर उंच ठेवा. मोठ्या नळीचे एक टोक मोकळे ठेवून दुसऱ्या टोकाने एका मुलाला हवा ओढायला सांगा. पातळीतला फरक लिहा. मग मोकळ्या टोकावर रुमालाचा एक पदर, दोन पदर, शेवटी ओला रुमाल लावून पाहा. प्रत्येक मोजणी पाच वेळा, वेगवेगळ्या मुलांकडून घ्या. आकडे सारखे येणार नाहीत, आणि तेच चांगले आहे. एक पदर आणि दोन पदर यांतला फरक मुलांमुलांतल्या फरकापेक्षा मोठा आहे का, ही चर्चा वर्गात घडू द्या.

त्यानंतर एखाद्या जाहिरातीतला ‘दहा टक्के जास्त शक्ती’ असा दावा फळ्यावर लिहा आणि विचारा, हे खरे असायचे तर मूळ फिल्टरपाशी पाणी किती सेंटिमीटर चढले पाहिजे? उत्तर आहे शंभर, म्हणजे पूर्ण एक मीटर. एवढा अडथळा ठेवून कोणता कारखाना गाडी विकेल, याचा विचार मुले स्वतःच करतील.