प्रमाणपत्राच्या प्रतीक्षेतला तंत्रज्ञ

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील एका रुग्णालयात अकरा किलो वजनाच्या एका मुलीला हिमोडायलिसिसवर घेण्याचा प्रसंग आला. यंत्राला प्रौढांच्या ब्लडलाइन व डायलायझर जोडून तयार होते. लहान मुलाच्या देहात किलोमागे साधारण ८० मिलिलीटर रक्त असते. म्हणजे या मुलीचे ८८० च्या घरात. त्याच्या एकदशांशाहून अधिक रक्त एका वेळी देहाबाहेर असू नये, हा आम्हा बालरोगतज्ज्ञांचा दंडक. प्रौढांच्या संचात मात्र दोनशे मिलिलीटरच्या आसपास रक्त मावते. माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच एक तरुण तंत्रज्ञ अदबीने म्हणाला, "साहेब, वजन अकराच आहे. हा सेट चालणार नाही." त्याच्या पदविकेचा निकाल लागायचा होता. कागदोपत्री तो अजून कोणीच नव्हता.

अशा अधांतरी काळात तंत्रज्ञाने यंत्राला हात लावावा काय? अमेरिकेत मेडिकेअरने २००८ साली डायलिसिस केंद्रांसाठी केलेल्या नियमांत याचे उत्तर सापडते. नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञाने १८ महिन्यांच्या आत राज्याचे अथवा राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्र मिळवलेच पाहिजे. त्याआधी नोंदणीकृत परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण हवे. त्यात डायलिसिस सुरू करणे, त्यावर लक्ष ठेवणे व ते थांबवणे, संभाव्य गुंतागुंत, जलशुद्धीकरण, जंतुसंसर्गाचे नियंत्रण हे सारे आले. मला मुदतीपेक्षा या मार्गदर्शनाचे मोल अधिक वाटते. मुदत हुकली की निष्णात हातही यंत्रापासून दूर करावा लागतो, ही त्या नियमाची दुसरी बाजू.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने डायलिसिस तंत्रज्ञांना मान्य व्यवसायांच्या अनुसूचीत स्थान दिले. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण आणि नोंदवहीत नाव, ही त्याची चौकट. ती स्वागतार्हच आहे. परंतु शेवटचा पेपर आणि नोंदणी यांमधले महिने हा मुलगा कोठे घालवतो? बहुधा आपल्याच रुग्णालयात, आणि तेही रात्रपाळीला. त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे असावे, हे ठरवणे आपल्याच हाती असते.

त्या मुलीसाठी दुपारपर्यंत लहान मुलांचा संच आला. तेव्हापासून आमच्याकडे एक प्रथा आहे: पंधरा किलोखालील मुलास प्रमाणपत्र नसलेल्या तंत्रज्ञाने एकट्याने यंत्राला जोडायचे नाही, संच तपासून खटकले तर थांबवण्याचा अधिकार मात्र त्यालाही आहे.