परवान्याचा पहिला प्रश्न

वाहन चालवण्याचा परवाना काढताना शारीरिक क्षमतेचा 'फॉर्म १' भरावा लागतो. त्यातला पहिलाच प्रश्न असतो तो अपस्माराचा: फिट येतात का, कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का? उत्तर 'होय' असेल, तर पुण्यात आळंदी रस्त्यावरच्या परवाना-चाचणीत दुचाकीने आठचा आकडा काढायची किंवा भोसरीच्या आयडीटीआर या चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर चारचाकी चालवून दाखवायची वेळच येत नाही. गोळ्यांनी आजार आटोक्यात आहे, गेल्या पाच वर्षांत एकही फिट आलेली नाही, या सांगण्याला नियमात जागा नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे १ वर्ष फिटविना गेले की मोटारीचा परवाना मिळू शकतो. बस-ट्रकसाठी मात्र तिथेही औषधांशिवायची १० वर्षे लागतात.

पुण्यात परवाना नसणे म्हणजे काय, हे दुचाकीवाल्या शहराला वेगळे सांगायला नको. क्लास, नोकरी, मंडई, दवाखाना, सगळे स्कूटरवर. ज्याला ती चालवता येत नाही, त्याच्या घरात रोज एक प्रश्न निघतो: 'आज सोडायला कोण येणार?' अपस्मार असलेला तरुण, दृष्टी अधू झालेल्या बाई, पार्किन्सनने हात थरथरणारे आजोबा, सगळ्यांचा प्रश्न हाच. चालकाविना चालणारी मोटार इतरांसाठी चैन असेल. या मंडळींसाठी ती कुणाची वाट न पाहता घराबाहेर पडण्याची सोय आहे.

अशा मोटारीच्या स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर मानले जातात. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०२१ साली बाजारात आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मधली 'अडास' ही चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा दुसऱ्या स्तरावरची आहे. कॅमेरा आणि रडार यांच्या मदतीने गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेन धरून ठेवते, धडक होईलसे दिसले की आपणहून ब्रेक लावते. पण चालकाने नजर रस्त्यावर ठेवायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि यंत्र चुकले की क्षणात ताबा घ्यायचा, ही अट कायम राहते. म्हणजे ज्याची शुद्ध अचानक हरपू शकते, त्याच्या ती उपयोगाची नाही. निरोगी माणसालाही नुसते लक्ष ठेवून बसणे जमत नाही, हे १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेम्पी शहरात दिसले. उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीखाली रस्ता ओलांडणारी महिला मरण पावली, तेव्हा देखरेखीसाठी बसवलेल्या चालकाचे लक्ष फोनवर होते.

रुग्णाचा खरा फायदा चौथ्या स्तरापासून सुरू होतो. तिथे ठरावीक भागात गाडी पूर्णपणे स्वतःच चालते, आतल्या माणसाकडून काहीच अपेक्षा नसते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑस्टिनच्या रस्त्यांवर स्टीव्ह मॅहन हे अंध गृहस्थ गूगलच्या अशा मोटारीतून एकटेच फिरून आले. तिला स्टिअरिंग नव्हते आणि पेडलही नव्हते. त्याच प्रकल्पातून निघालेल्या वेमो कंपनीने २०२० मध्ये फिनिक्समध्ये चालकाविना टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली केली.

पण चालक जातो तेव्हा त्याच्याबरोबर दोन हातही जातात. प्रवासात फिट आली तर रिक्षावाला निदान गाडी बाजूला घेतो, घरच्यांना फोन लावतो. चालकाविना टॅक्सीत मदतीचे बटण असते, पण फिट आलेल्याने ते दाबायचे कसे? व्हीलचेअरची गोष्टही तशीच. चेअरवरून उचलून आसनावर बसवणे, चेअरची घडी घालून डिकीत ठेवणे, ही कामे कुठलाही सेन्सर करत नाही. व्हीलचेअरसह चढायचे असेल, तर वेमोसुद्धा माणूस चालवत असलेली खास गाडी पाठवते. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांची काळजी घेतली जाते. पाय निकामी पण हात शाबूत असलेल्या अशा माणसाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवता येतील अशी बदललेली गाडी आजही स्वतः चालवता येते. तिच्या मानाने चालकविरहित मोटार फारच दूरची.

किती दूरची, हे लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत उभे राहिले की कळते. पट्टे पुसट, समोरून उलट दिशेने येणारी स्कूटर, हात दाखवून मध्येच रस्ता ओलांडणारे कुटुंब. इथे गाड्या नियमांपेक्षा एकमेकांच्या नजरेवर चालतात, आणि ती नजर यंत्राला अजून वाचता येत नाही. त्यात धोरणाचाही अडसर आहे. चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले.

तोवर करण्याजोगे एक काम फॉर्म १ मध्येच आहे. किती काळ फिट आली नाही, हे विचारून न्यूरॉलॉजिस्टच्या दाखल्यावर परवाना देण्याला ना लायडरसारखा लेझर-सेन्सर लागतो ना चाचणी-ट्रॅक. केंद्राची एक अधिसूचना पुरते. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना खुला करणारी अशी अधिसूचना जून २०२० मध्ये निघालेली आहे.