सुपरमॅन उडाला कसा?

आजच्या सिनेमात कुणी आकाशात उडालं, की आपण ‘कॉम्प्युटरवर केलंय’ म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. पण १९७८ सालचा ‘सुपरमॅन’ एकदा बघाच. त्यातला उडणारा माणूस कॉम्प्युटरनं बनवलेला नाही. क्रिस्टोफर रीव्ह नावाचा हाडामांसाचा नट, पाठीवर लाल केप, खाली शहराचे लुकलुकणारे दिवे, आणि तो झेपावत थेट आपल्याच दिशेनं येतो! हे त्यांनी केलं तरी कसं?

त्याआधी एक गंमत सांगते. १९३८ साली कॉमिकमध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला उडता येतच नव्हतं. तो फक्त प्रचंड लांब उड्या मारायचा. एका उडीत साधारण २०० मीटर! पुढे १९४१ साली अमेरिकेत मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओनं त्याची कार्टून्स काढायला घेतली. चित्रांत हलताना त्या उड्या फारच विचित्र दिसायला लागल्या. सारखं आपटायचं आणि पुन्हा उसळायचं. मग चित्रकारांनी त्याला सरळ उडवलंच.

या मॅक्स फ्लायशरनं खूप आधी एक यंत्र शोधून काढलं होतं, रोटोस्कोप. खऱ्या माणसाचं चालणं, नाचणं कॅमेऱ्यानं टिपायचं, मग ती फिल्म एकेक चित्र करून काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रं सरकतात, तेव्हा गिरवणाऱ्याचे हात किती दुखत असतील बघा! पण त्यामुळे चित्रातली माणसं अगदी खऱ्यासारखी चालायची. अडचण एकच. उडणारा माणूस गिरवायचा, तर आधी तो आणायचा कुठून? उडणं चित्रकारांना स्वतःच्या डोक्यातूनच काढावं लागलं. ती कार्टून्स आजही इतकी देखणी वाटतात, की मला तरी नंतरच्या कितीतरी कार्टून्सपेक्षा तीच जास्त आवडतात.

१९४८ साली खऱ्या नटाला घेऊन १५ भागांची सुपरमॅन मालिका थिएटरात आली. तारांना टांगून पाहिलं, तर तारा दिसायला लागल्या. शेवटी काय केलं असेल? कर्क अ‍ॅलिन हा नट हात वर करून झेप घ्यायच्या तयारीत उभा राहतो, आणि पुढच्या क्षणी त्याच्या जागी चित्रातला सुपरमॅन उडू लागतो! खाली उतरला, की पुन्हा खरा माणूस.

आता १९७८ कडे येऊ. खरं विज्ञान इथंच आहे.

त्यासाठी आधी एक प्रयोग करा. तुमच्या दप्तरावर किंवा बुटांवर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी असेल. ती अंधाऱ्या खोलीच्या एका टोकाला ठेवा. दुसऱ्या टोकाला उभे राहा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानाजवळ धरा आणि पट्टीवर मारा. पट्टी लख्ख पेटल्यासारखी दिसेल. आता टॉर्च पट्टीकडेच रोखलेली ठेवून तो हात बाजूला लांब करा. पट्टी एकदम मंद होते की नाही?

भिंतीवर चेंडू तिरका मारला, तर तो दुसरीकडेच निघून जातो. ही पट्टी मात्र चेंडू कुठूनही फेका, फेकणाऱ्याच्याच हातात परत देते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा बारीक कोन असतात. ते प्रकाशाला आल्या वाटेनं माघारी धाडतात. रात्री गाडीच्या दिव्यांत हायवेवरच्या पाट्या झळाळतात, त्या याच कारणानं.

सुपरमॅनच्या मागे असाच, काचेच्या मण्यांचा मोठा पडदा उभा केला होता. शहराचं, ढगांचं आधी काढलेलं चित्रण समोरून त्यावर पाडायचं. मध्ये ४५ अंशात एक काच. ही काच थोडा प्रकाश आरपार सोडते आणि थोडा परतवते. तिच्यामुळे प्रोजेक्टरचा प्रकाश नेमका कॅमेऱ्याच्या नजरेच्याच रेषेत पडद्याकडे जातो. म्हणजे तुमच्या कानाजवळच्या टॉर्चपेक्षाही जवळ!

तुम्ही म्हणाल, मग ते शहर रीव्हच्या अंगावरही दिसेल की! पडतं ना, त्याच्या अंगावरही पडतं. पण कापड काही प्रकाश माघारी धाडत नाही, तो चहूकडे विखरून टाकतं. त्यामुळे अंगावरचं चित्र इतकं फिकट असतं, की स्टुडिओच्या दिव्यांपुढे ते दिसतच नाही. आणि सावली? ती बरोबर त्याच्या पाठीमागे लपते. त्याला ज्या दांड्यावर तोललं होतं, तो दांडाही त्याच्या शरीरामागेच दडवलेला असायचा.

तरीही माणूस जागच्या जागीच होता. तो पुढे कसा आला? झोरान पेरिसिच या तंत्रज्ञानं प्रोजेक्टरला आणि कॅमेऱ्याला, दोघांनाही झूम लेन्स लावल्या आणि त्या एकमेकींशी जोडल्या. कॅमेरा झूम करतो तेव्हा माणूस आणि शहर दोन्ही मोठं दिसायला हवं. पण त्याच वेळी प्रोजेक्टर पडद्यावरचं शहर तेवढंच लहान करतो. शहर आहे तेवढंच राहतं, मोठा होतो तो फक्त माणूस. आणि आपल्याला वाटतं, आला, आला! मला तर ही युक्ती कळल्यावर तो सिनेमा आणखीच आवडायला लागला.

काही दृश्यांत मात्र निळ्या पडद्याची पद्धत वापरली होती. तिच्यात नंतर निळा रंग काढून तिथे हवं ते दृश्य भरतात. पण सुपरमॅनचा पोशाखच निळा! म्हणून त्या दृश्यांसाठी हिरवट निळ्या रंगाचा वेगळा पोशाख शिवला आणि त्याचा रंग मागाहून सुधारून घेतला.

हे सगळं घरी जमणार नाही. पण १९६६ सालच्या बॅटमॅन मालिकेतली एक युक्ती नक्की जमेल. त्यात बॅटमॅन आणि रॉबिन दोर धरून उंच इमारतीची भिंत चढतात. भिंत होती जमिनीवर आडवी! दोघं वाकून चालायचे आणि कॅमेरा आडवा केलेला असायचा. तुम्हीही फरशीवर दोर टाका, कुणाला तरी बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि चढा. मग तो व्हिडिओ एका कुशीवर वळवून बघा. फक्त केपकडे लक्ष ठेवा. ती खऱ्या जमिनीकडेच लोंबणार, म्हणजे व्हिडिओत भिंतीला चिकटलेली दिसणार. मालिकावाल्यांनी तिला दोरे बांधून मागे ओढून धरलं होतं. तुम्हाला त्यासाठी आणखी एक मित्र लागेल, आणि तो चित्रात येता कामा नये.