सभागृहात चर्चा, मंत्रालयात आकडा

मुंबईत दाटी किती असावी, यावर महापालिकेच्या सभागृहात दशकानुदशके वाद झाले. बाके वाजली, सभात्याग झाले. निर्णायक आकडे मात्र बहुतेक वेळा मंत्रालयाच्या नगरविकास खात्यातून आले. गेल्या साठ वर्षांचा हिशेब मांडताना हे आधी ध्यानात ठेवावे लागते.

१९६४ साली तयार झालेल्या आणि १९६७ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या विकास आराखड्याने मुंबईला एफएसआय म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक दिला. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर १.३३ एफएसआय असेल, तर एकूण बांधकाम १,३३० चौरस मीटर. शहरावरचा ताण आवरायचा, वाढ खाडीपलीकडे न्यायची, हा त्या काळच्या नियोजनकारांचा विचार होता; नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये त्यातूनच उभी राहिली. बांधकामाला मर्यादा पडली, पण येणाऱ्या माणसांना कशी पडणार? नियमातल्या घरात ती मावली नाहीत, म्हणून झोपडपट्टीत राहिली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरात १.३३ आणि उपनगरांत १ हा आकडा पक्का केला. गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या चाळींनी तर याहून जास्त एफएसआय आधीच वापरलेला. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवलेली, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि मूळ नियमाने पाडून बांधले तर सगळे भाडेकरूही मावत नव्हते. मग आला अपवाद: त्याच नियमावलीतला नियम ३३(७). उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला जादा एफएसआय. १९९९ मध्ये तो २.५ झाला, किंवा भाडेकरूंच्या घरांना लागणारे क्षेत्र आणि त्यावर बिल्डरला बक्षीस. यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे जितके भाडेकरू जास्त, तितका टॉवर उंच. गल्ली, गटार आणि पाण्याची लाइन होती तेवढीच. झोपडपट्टीसाठी ३३(१०), समूह विकासासाठी ३३(९), शिवाय टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. मूळ नियम कागदावर राहिला आणि शहर अपवादांवर बांधले गेले.

गिरण्यांच्या जमिनींचे तर दुःखच वेगळे. सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता ठेवला; गिरणीची शेड उभी असलेली जागा त्यातून सुटली. या बदलाविरुद्ध याचिका झाली; २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लालबाग-परळला मिळू शकणारी मैदाने गेली ती गेलीच.

२०१५ चा नवा आराखडा, मसुद्याच्या रूपात, रेल्वे स्थानकांजवळ ८ पर्यंत एफएसआय देऊ पाहत होता. आरे कॉलनीची हिरवळ बांधकामाला खुली होणार म्हणून लोक खवळले. नकाशांतल्या चुकांना तर अंतच नव्हता. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला लावला. चुकांवरचा राग रास्तच होता. पण दाटीची सांगड रेल्वेशी उघडपणे घालणारा विचारही त्याच रद्दीत गेला, याची खंत वाटते.

सुधारित आराखडा ३१ जुलै २०१७ रोजी सभागृहात मंजूर झाला, पुढच्या वर्षी सरकारने त्यात आपले बदल केले आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे निवासी इमारतींना शहरात ३ पर्यंत, उपनगरांत २.५ पर्यंत, व्यापारी बांधकामाला ५ पर्यंत. नगरसेवक भूखंडांच्या आरक्षणांवर आणि आकड्यांवर भांडले. एका घरात माणसे किती, हा प्रश्न मागेच राहिला. धारावीत घरे बैठी आणि माणसे खच्चून. मलबार हिलच्या टॉवरमध्ये एफएसआय भरपूर आणि बिऱ्हाडे मोजकी. दोन्हींना एकाच आकड्याने मोजून दाटी कशी कळणार?

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. तेव्हा तर चर्चेची औपचारिकताही उरली नाही.

हा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. पुढच्याची सुरुवात सध्याच्या जमीनवापराच्या नकाशाने होईल. तो प्रसिद्ध होताच आपल्या वॉर्डाचा भाग बघा आणि मैदान, शाळा, गावठाण चुकले असेल तर तेव्हाच लेखी हरकत घ्या. फाइल मंत्रालयात गेल्यावर फार उशीर झालेला असतो.